खाणीच्या डंपवर लावलेली झाडं का मरतात, आणि सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डिचोली तालुक्यात तुमच्या कुटुंबाची साधारण दोन हेक्टर जमीन आहे. तिच्यावर खाणवाल्यांनी वर्षानुवर्षं डंप, म्हणजे खाणीतून निघालेल्या टाकाऊ माती-दगडांचा ढिगारा, टाकला. खाण बंद पडली, माणसं निघून गेली, डंप राहिला. तुम्ही सलग दोन पावसाळे काजू आणि आंबा लावला, खड्ड्यात शेणखतही घातलं. काही रोपं भर पावसातच पिवळी पडून मेली, उरलेली मार्च-एप्रिलमध्ये वाळली. शेजारच्या डंपवर मात्र आकेशियाचं (ऑस्ट्रेलियन बाभळीचं) रान माजलंय. तेव्हा आपणही आकेशियाच लावावं का, बागायत कधी होईल का, आणि किती वर्षं लागतील, असं तुम्ही विचारलंय.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात खाणींनी उकरलेल्या जमिनींवर हेच काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि पहिला प्रश्न बहुतेक सगळे हाच विचारतात: कुठलं झाड लावू? तुमची खरी अडचण झाडाच्या निवडीच्या बरीच आधीची आहे. ज्याला तुम्ही जमीन म्हणताय ती तुमची मूळ जमीन या ढिगाऱ्याखाली गाडली गेली आहे. वर आहे ते खोल खणून काढलेलं साहित्य. त्यात कधी मूळ शिरलेलं नाही, गांडूळ फिरलेलं नाही, पान कुजलेलं नाही. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन असं साहित्य निघायचं, आणि ते जागा मिळेल तिथे ओतलं गेलं. तेव्हा तुमच्यापुढे दोन कामं आहेत: हा ढिगारा पावसात खाली जाऊ द्यायचा नाही, आणि त्याच्यावर हळूहळू माती तयार करायची. झाडं त्यानंतर.

खर्च करण्याआधी एक कागदोपत्री गोष्ट तपासा. जमीन तुमची असली तरी वरचा डंप कोणाचा, हा प्रश्न गोव्यात साधा नाही. पूर्वी निकृष्ट म्हणून फेकलेलं खनिज आज विकलं जातं, त्यामुळे जुने डंप उचलले जाण्याची शक्यता असते. पाच वर्षं मेहनत करून वाढवलेलं रान एखाद्या दिवशी एक्स्कॅव्हेटरखाली जाऊ नये. खाण खात्याकडे लेखी विचारून ठेवा आणि उत्तर लेखीच घ्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळे डंप एकसारखे नसतात. एकाच डंपच्या दोन टोकांनाही जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण ट्रक जसजसे आले तसतसं साहित्य पडत गेलं. जांभ्याचे दगड-गोटे आणि खडी जास्त असेल तर पाणी झटकन निघून जातं आणि उन्हाळ्यात तिथे काहीच ओल राहत नाही. गुलाबी, पिवळसर, पांढरट चिकणमाती असेल तर उलट: पावसात साबणासारखी बुळबुळीत, मे महिन्यात पहारीलाही दाद देत नाही. काळपट, हाताला काळं लागणारी चिकणमाती दिसली तर तिच्यात मँगनीज असण्याची शक्यता धरा. याशिवाय उतार किती, जवळ नैसर्गिक जंगल आहे का, खाली कोणाचं शेत किंवा ओहोळ आहे, या तीन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आहे की तुमच्याकडे बराचसा भाग चिकणमातीचा आहे. तसं नसेल तर खालचा सल्ला त्या प्रमाणात बदलून वाचा.

रोपं का मेली हे रोपंच सांगतील. मेलेलं एक रोप ओढून काढू नका, बाजूने खणून काळजीपूर्वक उचला. मुळं काळी पडून कुजल्याचा वास येत असेल तर ते पावसात गुदमरून मेलं. मुळं शेणखताच्या भागात दाट आणि बाहेरच्या चिकणमातीच्या भिंतीपाशी येऊन वळलेली दिसली, तर ते उन्हाळ्यात तहानेने मेलं, कारण त्याला खड्ड्याबाहेर जाताच आलं नाही. दोन्हीचं मूळ एकच. डंपरच्या चाकांनी आणि डोझरने दाबून घट्ट केलेल्या चिकणमातीत दीड-दोन फुटांचा खड्डा काढला की तो तळाला भोक नसलेल्या कुंडीसारखा वागतो. जुलैत तुडुंब भरतो, एप्रिलमध्ये भाजून निघतो. त्यात जेसीबीने खड्डे काढले असतील तर बकेटने भिंती घासून गुळगुळीत होतात आणि मूळ त्यांच्यावरून घसरत राहतं. खात्री करायची असेल तर मे महिन्यात एक खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पाणी तसंच असेल तर तिथे काजू लावण्यात अर्थ नाही. काजू गरीब जमिनीत तगतो, पण पाय ओले राहिलेले त्याला अजिबात चालत नाहीत.

पहिलं काम पाण्याचं. तुमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी, तुमच्या दोन हेक्टरांवर सहा कोटी. हे पाणी कुठून येतं आणि कुठून उतरतं हे ठरवल्याशिवाय वर काहीही लावलं तरी दोन-तीन पावसाळ्यांत घळी पडणार आणि गाळ खालच्या शेतात जाणार. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणीच्या गाळाने किती भातशेतं पडीक पडली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल. त्यामुळे डंपच्या पायथ्याला भिंत किंवा चिऱ्यांचा बांध, भोवती पाणी वळवणारा चर आणि शेवटी गाळ बसायला एक तळं, एवढं आधी हवं. जुनी व्यवस्था असेल तर तीच गाळ उपसून चालू करा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज (खाणपट्टे) रद्द ठरवल्या, त्यानंतर कितीतरी डंपांच्या चरांकडे आणि तळ्यांकडे कोणी फिरकलेलं नाही. भरलेलं तळं म्हणजे तळं नसल्यातच जमा.

इथे एका गोष्टीबद्दल आवर्जून सावध करते. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामांमुळे सलग समतल चर सगळ्यांच्या परिचयाचे झालेत, आणि डोंगरावर ते उत्तम काम करतात. डंपवर ते जसेच्या तसे खणू नका. डोंगराला आत खडकाचा कणा असतो, डंपला नसतो. चरात साठलेलं पाणी आत मुरलं की चिकणमातीचा थर जड होतो, आतून निसटतो, आणि अख्खी कड खाली येते. डंपवर पाणी अडवायचं ते थोडा वेळ, वेग मोडण्यापुरतं, आणि मग ठरलेल्या वाटेने खाली न्यायचं. टप्पे असतील तर त्यांचा उतार किंचित आतल्या बाजूला ठेवा, पाणी आतल्या कडेने आडवं वाहू द्या, आणि चिऱ्यांनी किंवा दगडांनी बांधलेल्या उतरणीवरूनच खाली सोडा. पर्यावरण परवान्यांमध्ये डंपचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा अशी अट सर्रास असते. जुने डंप कितीतरी ठिकाणी याहून उभे आहेत. तुमचा तसा असेल आणि खाली घर किंवा वाट असेल, तर उताराला हात लावण्याआधी भूतज्ञाला किंवा स्थापत्य अभियंत्याला दाखवा. हा भाग झाडं लावून सुटत नाही.

उभ्या उतारावर यंत्र नको, खड्डेही नकोत. तिथे काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की करा आणि तिच्यातून वाळ्याच्या आडव्या ओळी लावा, दोन ओळींत उभं अंतर साधारण एक ते दीड मीटर. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजून जातो आणि तोवर वाळ्याची मुळं खोल गेलेली असतात. या ओळींमध्ये धायटी, करवंद, उक्शी अशी झुडपं आपली आपण येऊ लागली की समजा, उतार सावरतोय. मोठी झाडं उतारावर लावायची घाई करू नका. भर पावसात वाऱ्याने झाड हललं की भोवतालची ओली माती सैल होते.

सपाट माथ्यावर आणि रुंद टप्प्यांवर दुसरं काम: दाबलेला थर फोडणं. डोझरच्या मागे रिपर (जमीन खोल फाडणारा लोखंडी दात) लावून साठ सेंटिमीटर ते एक मीटर खोल, उताराला आडवं. हे एप्रिल-मे मध्येच करा. कोरडी चिकणमाती तडकून फुटते. ओलीतून रिपर नेला तर सुरी फिरवल्यासारखी फट पडते आणि पुन्हा मिटते. यंत्राचा खर्च परवडत नसेल तर सगळी जागा एकदम घेऊ नका, पट्टे घ्या. फोडलेल्या जागेवरून नंतर ट्रॅक्टरसुद्धा नेऊ नका.

आता मातीची तपासणी. जुने गोवे इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा. शेतासाठी आपण दहा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना देतो. डंपवर तसं केलंत तर सरासरी येईल आणि ती कुठेच लागू पडणार नाही. प्रत्येक रंगाच्या मातीचा वेगळा नमुना द्या. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कार्बन), उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) आणि मँगनीज एवढं बघायला सांगा. या भागातल्या लोहयुक्त आम्ल मातीत स्फुरद लोहाशी आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, म्हणून सुपर फॉस्फेट टाकून पैसे जातात आणि झाडाला फारसं काही मिळत नाही. आम्ल जमिनीत रॉक फॉस्फेट हळूहळू विरघळतो, मी तोच शेणखतात मिसळून देते. सामू साडेपाचाच्या खाली असेल तर थोडा चुना किंवा डोलोमाइट. काळ्या मातीच्या भागात याची विशेष गरज, कारण आम्लता आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की मँगनीज विरघळून मुळांना बाधतं. पाण्याचा निचरा केला की हा त्रास निम्मा होतो.

मग सेंद्रिय पदार्थ. इथे एक हिशोब करून बघा. एक हेक्टरचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण २००० टन माती. सेंद्रिय कर्ब ०.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर न्यायचा तर त्या थरात दहा टन कर्ब टिकून राहायला हवा. ओल्या शेणखतात वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास कर्ब धरला तर ते झालं सत्तर टनांच्या जवळ, आणि त्यातला निम्म्याहून जास्त कर्ब कुजताना हवेत जातो. म्हणजे हेक्टरी दीडशे टनांची बात. एवढं शेणखत तुम्ही विकत आणू शकणार नाही, आणि आणलंत तरी पहिल्या जोरदार पावसात त्यातलं बरंच खाली वाहून जाईल. म्हणून शेणखत फक्त फोडलेल्या पट्ट्यांत द्यायचं, सुरुवातीचा जोर म्हणून. बाकीचा कर्ब जागेवरच पिकवायचा.

तो पिकवतात गवत आणि द्विदल. पहिल्या दोन पावसाळ्यांत मी मोठी झाडं जवळजवळ लावतच नाही. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ताग, कुळीथ आणि स्टायलो (चाऱ्याचं एक द्विदल) एकत्र फेकते, पाणी साचणाऱ्या जागी धैंचा. बियांना रायझोबियम चोळून घ्या, कारण डंपमध्ये हे जिवाणू मुळात फारसे नसतात, आणि ते नसतील तर द्विदलाच्या मुळांवर गाठी येत नाहीत. ऑगस्टमध्ये एक ताग उपटून बघा. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी-लालसर दिसली तर हवेतलं नत्र (नायट्रोजन) बांधलं जातंय. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर पीक नुसतं उभं आहे. ताग फुलावर आला की कापून तिथेच पसरा.

याच्याबरोबर एक साधा उपाय आहे जो फार कमी लोक करतात. पावसाळा संपल्यावर सड्यावरचं, बांधावरचं गवत बी धरून पिकतं. ते बियांसकट कापून, सुकवून ठेवा आणि पुढच्या जूनच्या आधी डंपवर पातळ अंथरा. आच्छादनही होतं आणि स्थानिक गवतांचं बी फुकट मिळतं. थेंबांचा मारा थेट चिकणमातीवर बसला नाही की वर कडक पापुद्रा धरत नाही, आणि बी उगवायला वाट मिळते. झाडांच्या मुळांशी सोबत करणाऱ्या बुरशीसाठी तुमच्या जुन्या काजूच्या बागेतली, पानांखालची मूठ-मूठ माती प्रत्येक खड्ड्यात टाका, तेवढी पुरते. देवराईतली किंवा जंगलातली माती मात्र उकरून आणू नका.

एवढ्यावर थांबून क्रम पुन्हा सांगते, कारण तो उलटला की पैसे वाया जातात. आधी पायथा आणि पाण्याच्या वाटा, मग माथा फोडणं, मग तपासणीनुसार चुना-स्फुरद, मग दोन पावसाळे गवत आणि द्विदल. तिसऱ्या पावसाळ्यात झाडं.

आता आकेशिया. ती डंपांवर का लावली गेली हे समजण्यासारखं आहे: आम्ल आणि नापीक जमिनीत वाढते, नत्र बांधते, गुरं तोंड लावत नाहीत, आणि तीन वर्षांत डंप लांबून हिरवा दिसतो. पण शेजारच्या त्या रानात शिरून खाली बघा. जाड, चिवट पानांचा थर असतो, तो लवकर कुजत नाही. तो बाजूला सारला की खाली तीच गुलाबी चिकणमाती तशीच दिसते. मार्चमध्ये हा थर पेट घेतो. पक्षी बिया नेतात आणि ती आजूबाजूला पसरते. माझं मत स्पष्ट आहे: नव्याने लावू नका. मात्र तुमच्याकडे आधीपासून काही असतील तर सरसकट तोडूही नका, त्या सावलीचा आणि नत्राचा उपयोग आहे. एका वेळी तिसरा हिस्सा, पट्ट्यापट्ट्याने, तोडीची रीतसर परवानगी घेऊन काढा आणि मोकळ्या झालेल्या उजेडात देशी रोपं घाला. जवळ जंगल असेल तर जांभळासारखी काही पक्षी आणि वटवाघळंच आणून टाकतात.

देशी झाडांमध्ये पहिल्या फळीत करंज, खैर, शिवण, सावर, कुंभा. पाणी थोडं साचणाऱ्या जागी जांभूळ. सावली तयार झाली की मग किंजळ, ऐन, सातवीण, आणि अगदी शेवटी भिरंड (कोकम). रोपं लहान घ्या, गुडघ्याएवढीच. मोठ्या पिशवीतल्या उंच रोपांची मुळं आधीच गोल फिरलेली असतात आणि ती डंपमध्ये सरळ होत नाहीत. खड्ड्याच्या भिंती पहारीने खरवडून खडबडीत करा, आणि रोपाभोवती आळं करण्याऐवजी चिकणमातीच्या भागात उंचवट्यावर लावा. आळ्यात पाणी साचतं.

काजू हवाच असेल तर जांभ्याच्या खडीचा, निचऱ्याचा भाग शोधा आणि तिथे बी थेट जागेवर टोका. कलमं लवकर धरतात हे खरं, पण जागेवर रुजलेल्या बीचं सोटमूळ खोल जातं आणि डंपवर तेच उन्हाळा काढतं. कलम त्याच झाडावर नंतरही बांधता येतं. आंब्याचा विचार दहा वर्षांनी करू. भाजीपाला, विशेषतः पालेभाज्या, मँगनीजची तपासणी झाल्याशिवाय घरात खाऊ नका.

किती वर्षं लागतील? पाणी वळवलं असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन झाकली जाईल आणि खाली जाणारं पाणी डोळ्यांना दिसेल इतकं कमी लाल होईल. वरच्या दोन-चार बोटांत मातीचा रवा धरायला, म्हणजे मूठभर माती हातात फोडली तर तिचे गोळे सुटे व्हायला, पाच ते दहा वर्षं धरा. खाली रोपं आपोआप उगवणारं, पक्षी-प्राण्यांना धरून ठेवणारं रान व्हायला एक पिढी लागते, आणि जवळ जंगल नसेल तर त्याहून जास्त. कोणी तीन वर्षांत जंगलाची हमी देत असेल तर तीन वर्षांपूर्वीची त्यांची जागा एप्रिल महिन्यात बघून या, पावसाळ्यात नको.

या काळात दोन गोष्टी सगळं धुळीला मिळवू शकतात: आग आणि मोकाट गुरं. डिसेंबरमध्ये कडेच्या तीन-चार मीटर रुंद पट्ट्यातलं गवत कापून जाळरेषा मोकळी ठेवा, कापलेलं गवत आत आच्छादनाला वापरा. गुरांच्या मालकांना गवत कापून न्यायला द्या, सोडायला देऊ नका. गवत ही त्यांचीही गरज आहे, आणि त्यांना त्यात वाटा असला की राखणही होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणींसाठी जी अट घालायला सांगितली तीही हीच: खणून झालेल्या जमिनीवर गवत आणि झाडोरा परत आणायचा, चारा उगवेल अशी करून ठेवायची. झाडांची संख्या मोजण्यापेक्षा हा मापदंड मला जास्त पटतो.

ज्यांच्या गावात खाण अजून चालू आहे, मग ती चंद्रपूरची कोळशाची असो की भंडाऱ्याची मँगनीजची, त्यांनी एक गोष्ट पकडून ठेवा. वरची माती वेगळी काढून ठेवण्याची अट मँगनीजसारख्या खनिजांसाठीच्या खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ मध्येही आहे (हे नियम कोळशाला लागू नाहीत). ती माती उंच ढीग मारून वर्षानुवर्षं ठेवली तर आतली बुरशी आणि बी मरतं. ढीग दोन मीटरच्या आत हवा, वर द्विदल पेरलेलं हवं, आणि शक्यतो पुढच्याच हंगामात पसरलेली हवी. ती नसेल तर काय करता येतं हे नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज डंपवर नीरीने (नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) दाखवलंय: साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), जिवाणू खतं आणि मुळांवरची बुरशी वापरून तिथे झाडं उभी केली. पण तो मार्ग महाग आहे. आहे ती माती सांभाळणं त्याच्या मानाने फारच स्वस्त पडतं.

तुम्ही या पावसाळ्याआधी फक्त तीन कामं करा: पायथ्याचा चर आणि तळं उपसणं, खड्ड्याची पाण्याची परीक्षा वेगवेगळ्या रंगांच्या मातीत चार-पाच ठिकाणी, आणि नमुने प्रयोगशाळेत देणं. खालच्या शेतकऱ्याला चराचं काम दाखवून ठेवा, पाणी कुठून त्याच्याकडे जातं हे त्याला तुमच्यापेक्षा नेमकं माहीत असेल. नवीन रोपं या वर्षी घेऊ नका. अहवाल आला की आकडे इथे टाका, सोबत उताराच्या पायथ्याचा आणि एका मेलेल्या रोपाच्या मुळांचा फोटो द्या. चुना किती आणि रॉक फॉस्फेट किती, ते त्यावरून सांगते.